आकडा वाढला, गुडघा तिथंच

पूर्वी अमेरिकेहून कोल्हापुरात येणाऱ्या बॅगेत काय असायचं ते आम्हाला पाठ होतं. चॉकलेटं, सेंट, बदाम आणि काकूंसाठी एक पर्स, जी पुढं फक्त लग्नाच्या सीझनला कपाटातून बाहेर येते. गेल्या काही वर्षांत त्यात मोठ्या तोंडाच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांची भर पडली आहे. मल्टिव्हिटॅमिन, ओमेगा, मेलाटोनिन आणि अधूनमधून एक बाटली, जिच्यावर चारच अक्षरं ठळक असतात: डीएचईए. खाली बारीक टायपात 'हेल्दी एजिंग'साठी. शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत अशी बाटली असलेली तीन घरं मला माहीत आहेत. तिन्ही घरांतला मुलगा किंवा मुलगी आयटीत आहे. मीही आयटीत आहे, त्यामुळं हे भांडण घरातलंच समजा.

त्या तीन घरांपैकी एका घरातल्या काकांना मी विचारलं, हे कशासाठी घेता? ते म्हणाले, "औषध न्हाई ते, सप्लिमेंट हाय. वयानं जे कमी हुतंय ते भरून निघतंय म्हणं."

वयानं जे कमी होतं ते भरून काढायचं. हा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो आणि त्यातला पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. डीएचईए वयानुसार कमी होतं, लॅबमध्ये मोजता येतं, आलेख काढता येतो. माझं भांडण त्या आलेखाशी नाही. आलेखानंतर गुपचूप जो 'म्हणून' येतो, त्याच्याशी आहे.

आधी हे काय प्रकरण आहे ते बघू. शाहूपुरी ही शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली व्यापारपेठ, गुळासाठी नावाजलेली. तेव्हा गुळाचंच उदाहरण घेतो. उसाचा रस हा कच्चा माल. त्याच रसाचा गूळ होतो, काकवी होते, कारखान्यात गेला तर साखर होते, मळीतून अल्कोहोल निघतं. यातलं काय होणार हे रस ठरवत नाही. काहील कुठली, आच किती, गुळव्या कोण, यावर ते ठरतं.

डीएचईए हा असाच रस आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून प्रेग्नेनोलोन बनवतात आणि त्यापासून डीएचईए. ते रक्तातून फिरतं आणि वेगवेगळ्या अवयवांत त्याचं कुठं टेस्टोस्टेरॉन होतं, कुठं इस्ट्रोजेन. स्वतः ते फारसं काही करत नाही. पुढं त्याचं जे होतं, ते करतं. म्हणूनच विकणारे म्हणतात की आम्ही हार्मोन देतच नाही, फक्त कच्चा माल देतो, शरीर हुशार आहे, त्याला हवं तेवढं ते करून घेईल. ऐकायला किती छान! पण शरीर ऑर्डर बघून माल काढत नाही. बाईनं डीएचईएची गोळी घेतली की तिच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं. मग कुणाला मुरमं येतात, कुणाला हनुवटीवर केस. पुरुषानं घेतली तर त्यातलं काही इस्ट्रोजेनकडं वळतं. जास्त रस ओतला की आपोआप चांगला गूळ पडतो, असं करवीर तालुक्यातला एकही गुळव्या म्हणणार नाही.

आता तो आलेख. डीएचईएचं प्रमाण विशी-पंचविशीत सर्वांत जास्त असतं. तिथून ते उतरत जातं आणि सत्तरी-ऐंशीपर्यंत तरुणपणीच्या १० ते २० टक्क्यांवर येतं. इतकी मोठी घसरण बघून कुणाच्याही मनात येणारच की म्हातारपण यामुळंच तर येत नसेल? शंका म्हणून ती उत्तमच आहे. शास्त्रज्ञांनाही ती आली आणि त्यांनी ती तपासली. विकणाऱ्यांनी ती तपासणीच्या आधी बाटलीत भरली.

आमच्या कामात रोज आलेख बघावे लागतात. रात्री दोन वाजता सर्व्हरवरच्या रिक्वेस्ट कमी होतात, कारण लोक झोपलेले असतात. ती घसरण बघून एखाद्या ज्युनिअरनं खोट्या रिक्वेस्ट सोडणारी स्क्रिप्ट लिहिली आणि "सर, ग्राफ सरळ केला," असं येऊन सांगितलं, तर त्याचं काय होईल ते या क्षेत्रातल्या वाचकांना सांगायला नको. पण तोच ज्युनिअर घरी जाऊन आईच्या हार्मोनचा ग्राफ सरळ करायला बाटली मागवतो.

उंदरांची गोष्ट तर सांगायलाच हवी. १९८०च्या दशकात डीएचईएचा जो गवगवा झाला, त्यात उंदरांवरच्या प्रयोगांचा मोठा वाटा होता. डीएचईए दिलेले उंदीर बारीक राहिले, त्यांच्यात काही प्रकारच्या गाठी कमी झाल्या. पण उंदराच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत डीएचईए जवळजवळ तयारच होत नाही. त्याच्यात वयानं कमी व्हायला मुळात काही नव्हतंच! मग 'कमी झालेलं भरून काढलं तर काय होतं' या प्रश्नाचं उत्तर तो देणार कसा? त्याला एक बाहेरचा पदार्थ खायला घातला होता, इतकंच.

माणसांवर नीट प्रयोग झाले ते नंतर. एतिएन-एमिल बोल्यू हे या विषयातलं फार मोठं नाव. अ‍ॅड्रिनल ग्रंथी डीएचईए सल्फेट स्रवतात हे त्यांनी १९६०मध्ये दाखवलं होतं, आणि गर्भपाताची आरयू-४८६ ही गोळी त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. या माणसाला डीएचईएबद्दल मनापासून आशा होती. त्यांच्या पुढाकारानं फ्रान्समध्ये ६० ते ७९ वयाच्या २८० निरोगी लोकांना वर्षभर रोज ५० मिलिग्रॅम डीएचईए किंवा पोकळ गोळी दिली गेली. २०००मध्ये निष्कर्ष आले. रक्तातला आकडा तरुणांसारखा झाला. सत्तरीपुढच्या बायकांमध्ये हाडं, त्वचा, कामेच्छा यांत थोडासा फरक दिसला. स्नायूंमध्ये काही नाही.

त्यानंतर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये के. श्रीकुमारन नायर यांच्या गटानं दोन वर्षांचा अभ्यास केला. ८७ म्हातारे पुरुष, ५७ म्हाताऱ्या बायका. पुरुषांपैकी काहींना रोज ७५ मिलिग्रॅम डीएचईए, बायकांपैकी काहींना ५०, बाकीच्यांत पोकळ गोळ्याही होत्या. ऑक्टोबर २००६मध्ये तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. दोन वर्षांनी रक्तातला आकडा मस्त वर गेलेला. आणि चरबी-स्नायूंचं प्रमाण? ताकद? चालण्या-पळण्याची क्षमता? इन्सुलिनचा परिणाम? जगण्याचा दर्जा? कशातही दखल घ्यावी असा फरक नाही. हाडांच्या घनतेत एखाद्या ठिकाणी किंचित वाढ, बस्स.

या अभ्यासाला पुढच्या वर्षी २० वर्षं होतील की झाली, हे तुम्ही हे कधी वाचताय त्यावर आहे, पण बाटली अजून त्याच मजकुरानं विकली जाते. मला राग येतो तो याचा. उत्तर माहीत नसतं तर गोष्ट वेगळी. आशावादी माणसांनी, चांगल्या पद्धतीनं, पुरेसा वेळ देऊन प्रश्न विचारला, उत्तर आलं, आणि ते लेबलपर्यंत पोचलंच नाही.

पॉडकास्टवाले इथं दोन गोष्टी पुढं करतात. पहिली, बाल्टिमोरमधला दीर्घकाळ चाललेला अभ्यास. २००२मध्ये त्यातून दिसलं की ज्या पुरुषांचं डीएचईए सल्फेट जास्त होतं ते जास्त जगले. असेल. पण आजारपणात, ताणात डीएचईए खाली जातं. तेव्हा ज्याची तब्येत चांगली त्याचा आकडा चांगला, असाही याचा सरळ अर्थ निघतो. म्हातारपणी केस पांढरे होतात. कलप लावल्यानं गुडघा दुखायचा थांबत नाही, हे कुठलाही सलूनवाला सांगेल. दुसरी, २०१९चा तो गाजलेला प्रयोग, ज्यात म्हणे 'जैविक वय' अडीच वर्षांनी मागं गेलं. त्यात माणसं होती ९. सगळे पुरुष. तुलनेसाठी पोकळ गोळीचा गट नाही. आणि डीएचईएसोबत ग्रोथ हार्मोन आणि मेटफॉर्मिनही दिलेलं. एकाच वेळी तीन बदल डिप्लॉय करून कुठल्यामुळं फरक पडला हे सांगणाऱ्याला आपण कोड रिव्ह्यूत पास करत नाही.

डीएचईए सगळीकडंच निरुपयोगी आहे, असं माझं म्हणणं नाही. पाळी गेल्यानंतर योनिमार्गाच्या कोरडेपणानं वेदना होणाऱ्या बायकांसाठी त्याचं स्थानिक औषध २०१६मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. अ‍ॅड्रिनल ग्रंथीच निकामी झालेल्या काही रुग्णांना डॉक्टर ते देतात. यात ठरावीक आजार आहे, ठरावीक डोस आहे, डॉक्टर आहे. बाटलीवर मात्र आजाराच्या जागी 'वय' लिहिलेलं आहे.

वयालाच आजार म्हणण्याचा खेळ जुना आहे. १८८९मध्ये पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या ७२ वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञानं कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तरुण झाल्यासारखं वाटतंय असं भर सभेत सांगितलं. त्या अर्कात काम करण्याइतकं हार्मोन असणं शक्यच नव्हतं, हे नंतर तशीच कृती करून तपासलं गेलं. आपल्याकडं १९३८मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी कायाकल्प करून घेतला, त्याची देशभर चर्चा झाली. ही माणसं मूर्ख नव्हती. त्यांना आणखी काम करायचं होतं. म्हातारपण नको वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही, आमच्या गल्लीतल्या काकांनाही नाही. पण १९६०च्या दशकात अमेरिकेत हाच युक्तिवाद बायकांच्या इस्ट्रोजेनला लावला गेला: पाळी गेली, आकडा पडला, भरून काढा, चिरतरुण राहा. लाखो बायकांनी घेतलं. मग १६,६०८ बायकांवरचा मोठा अभ्यास २००२मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात जास्त दिसले. पाळी जातानाच्या त्रासावर ते उपचार आजही योग्य बाईला योग्य वेळी दिले जातात, आणि द्यावेत. फसलं ते 'निरोगी म्हातारपणासाठी सगळ्यांनी घ्या' हे.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कुठली आलीय अमेरिकेची बाटली? बरोबर. पण फ्रिजवरच्या औषधांच्या डब्यात बघा. ६०,००० युनिटची डी-थ्रीची पुडी किंवा कॅप्सूल सापडेल. नावात व्हिटॅमिन असलं तरी तोसुद्धा हार्मोनचा कच्चा माल आहे. ऊन पडल्यावर कातडीतल्या कोलेस्टेरॉलच्या भावंडापासून ते बनतं, यकृतात त्याच्यावर एक प्रक्रिया होते, मूत्रपिंडात दुसरी, आणि मग कॅल्सिट्रिऑल नावाचं खरं हार्मोन तयार होतं.

भारतात व्हिटॅमिन डीची कमतरता खरी आहे, त्यावरून वाद नाही. मुडदूस खरा आहे, हाडं मऊ पडणं खरं आहे, ऊन न मिळणाऱ्या, घरात बसून असलेल्या आजीला डॉक्टरांनी ते लिहून दिलं तर द्यायलाच हवं. प्रश्न पुढचा आहे. डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितलेली पुडी आठ वर्षं चालू राहते. शेजारणीची पुडी आपल्याकडं येते. 'हाडांना चांगली असते, घे.'

जिनं फारशी कमतरता नाही अशा माणसांना ते देऊन काय होतं, हेही तपासलंय. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर, रोज २,००० युनिट, पाचेक वर्षं. कर्करोग आणि हृदयविकार होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. २०२२मध्ये हाडं मोडण्याचे आकडे आले, तेही कमी नव्हते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा दणदणीत डोस दिला; २०१०मध्ये निकाल आला की डोस घेतलेल्या बायका पोकळ गोळीवाल्यांपेक्षा जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली.

आणि झुरिचचा अभ्यास तर आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. आधी एकदा पडलेले, सत्तरीपुढचे २०० लोक. एका गटाला महिन्याला २४,००० युनिट, दुसऱ्याला महिन्याला ६०,०००. होय, आपल्या पुडीएवढेच. २०१६मध्ये तो प्रसिद्ध झाला. वर्षभरात २४,०००वाल्यांपैकी ४७.९ टक्के लोक पडले, ६०,०००वाल्यांपैकी ६६.९ टक्के. रक्तातला आकडा अर्थातच दुसऱ्या गटाचा जास्त चांगला होता. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं २०२४मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली: पंचाहत्तरीच्या आतल्या निरोगी प्रौढांनी रोजच्या शिफारशीपेक्षा जास्त डी घेऊ नये, आणि सरसकट डीची टेस्टही करू नये. पंचाहत्तरीपुढं घ्यावं, पण रोज थोडं. एकदम मोठा डोस नको.

सरसकट टेस्ट करू नये म्हणतात, आणि आपल्याकडं टेस्टचं पॅकेज मोबाईलवर रोज येतं. गेल्या वर्षी माझ्या आत्यानं असं एक केलं. सत्तरच्या वर टेस्ट, घरी येऊन रक्त नेलं, संध्याकाळी रंगीत पीडीएफ. जिथं आकडा रेषेबाहेर तिथं लाल बाण. आत्या म्हणाली, "एवढं लाल बघून मला वाटलं, मी गेल्यातच जमा." दुसऱ्या दिवशी लॅबवाल्यांचा फोन, मॅडम तुमचं डी लो आहे, आमच्याकडं वेलनेस किट आहे. आत्याचा खरा प्रश्न असा की जिन्यावरची शेवटची पायरी तिला दिसत नव्हती, कारण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. सत्तर टेस्टमध्ये 'हे वाचून दाखवा' ही एक नव्हती. तिला बाण नाही. ती रक्तातून कळत नाही आणि तिच्यावर विकायला किट नाही.

कायदा काय करतो? या प्रश्नात मला इंजिनिअर म्हणून विशेष मजा येते, कारण यात सुंदर बग आहे. आपल्या औषध नियमांत, १९४५च्या, 'जे' नावाची अनुसूची आहे. कोणत्या गोष्टी बऱ्या करतो असा दावा औषधानं करायचाच नाही, त्याची यादी. तीत अकाली वार्धक्य आहे, आणि पुन्हा तारुण्य देण्याची शक्तीसुद्धा आहे. म्हणजे कुणा बाबूला आधीच कळलं होतं की हे विकणारे येणार आहेत. पण सप्लिमेंट हे औषधच नाही, ते अन्न. अन्नाचं खातं वेगळं, एफएसएसएआयचं. त्यांच्या २०१६च्या नियमांत लिहिलंय की अशा उत्पादनांत हार्मोन किंवा स्टेरॉइड घालता येणार नाही. डीएचईए रसायनशास्त्राच्या दृष्टीनं स्टेरॉइडच आहे. तरी ते ऑनलाइन मागवता येतं आणि बॅगेतून येणाऱ्या बाटलीला तर कुणीच विचारत नाही. एक मॉड्यूल समजतं की दुसऱ्यानं तपासलंय, दुसरं समजतं की पहिल्यानं.

अमेरिकेत हा बग नाही, ते फीचर आहे. तिथल्या एफडीएनं १९८५मध्ये डीएचईएची खुली विक्री बंद केली होती. १९९४मध्ये सप्लिमेंट कंपन्यांना मोकळीक देणारा कायदा आला आणि बंदीतलं डीएचईए 'आहारपूरक' होऊन परत कपाटावर आलं. २००४मध्ये त्याचं सख्खं भावंड अँड्रोस्टेनडायोन, बेसबॉलपटूंमुळं बदनाम झालेलं, स्टेरॉइडच्या कायद्याखाली गेलं. त्याच कायद्यात डीएचईएला नाव घेऊन सूट मिळाली. या काळात रेणूत काही बदललं नव्हतं.

मग कुणीतरी म्हणतंच, ते केमिकल सोडा, आपलं नैसर्गिक बघा. डीएचईएच्या काही जाहिरातींत रानटी कंदाचा फोटो असतो. त्याच्या कुळातले करांदे आणि कोनफळ आपण कोकणात उकडून खातो. त्या जातीच्या काही कंदांतल्या डायोस्जेनिनपासून प्रयोगशाळेत स्टेरॉइड बनवता येतात, हे १९४०च्या दशकात मेक्सिकोत सिद्ध झालं. पण ते रूपांतर प्रयोगशाळेत होतं. पोटात होत नाही. करांदे खाऊन फक्त पोट भरतं, जे चांगलंच आहे. अश्वगंधेचंही घ्या. जादा वजन आणि थकवा असलेल्या चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांवरचा २०१९चा एक अभ्यास जाहिरातींत सारखा दिसतो: डीएचईए सल्फेट १८ टक्के जास्त, टेस्टोस्टेरॉन १४.७ टक्के जास्त. जाहिरात इथं थांबते. त्याच अभ्यासात पुढं लिहिलंय की थकवा, उत्साह आणि लैंगिक समाधान यांत पोकळ पुडीच्या तुलनेत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे ज्यासाठी माणूस पुडी घेतो ते सोडून सगळं वाढलं.

'पण घेतलं तर बिघडतं काय? मनाला बरं वाटतं ना?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. बिघडू शकतं. प्रोस्टेट आणि स्तनांचे बरेच कर्करोग हार्मोनवर पोसले जातात; तिथं कच्चा माल नेऊन टाकणं शहाणपणाचं नाही. बायकांमध्ये डीएचईएमुळं चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं. डीचा अतिरेक झाला तर रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडांना इजा होते. आणि डॉक्टर विचारतात, कुठली औषधं चालू आहेत? काका प्रामाणिकपणे सांगतात, बीपीची एक आणि शुगरची एक. पांढरी बाटली मोजत नाहीत, कारण ते औषध न्हाईच की. आणखी एक, खास कोल्हापूरसाठी: डीएचईए उत्तेजकांच्या आंतरराष्ट्रीय बंदी यादीत आहे. आजोबांच्या बाटलीतली गोळी तालमीतल्या नातवानं 'सप्लिमेंट हाय' म्हणून घेतली, तर त्याच्या कुस्तीचं काय होऊ शकतं याचा विचार बाटली पाठवणाऱ्यानं केलेला नसतो.

तो का पाठवतो, हे मला कळतं. ब्रायन जॉन्सन नावाचा अमेरिकन कोट्यधीश, जो मरायचंच नाही म्हणतो, २०२४च्या डिसेंबरात मुंबई-बंगळूरला येऊन गेला. आमच्या ऑफिसात आठवडाभर तोच विषय. (एका पॉडकास्टच्या रेकॉर्डिंगमधून तो हवा खराब आहे म्हणून अर्ध्यात उठून गेला. इतक्या गोळ्या घेऊनही हवा हवीच.) ते ऐकत हिंजवडीतल्या फ्लॅटवर रात्री साडेबाराला माणूस एकटा असतो, बाबांचा आवाज फोनवर थकलेला वाटलेला असतो, कोल्हापूरला जाऊन दोन महिने झालेले असतात. अशा वेळी 'आत्ता खरेदी करा' हे बटण म्हणजे काहीतरी केल्यासारखं वाटतं. या भावनेची टिंगल करावी असं मला वाटत नाही. तिच्यावर गल्ला भरणाऱ्यांची करावी असं वाटतं.

म्हाताऱ्या शरीरावर काय चालतं, याचा पुरावा १९९४पासून छापलेला आहे. बोस्टनमधल्या एका नर्सिंग होममधले १०० लोक. सरासरी वय ८७. काठी, वॉकर, व्हीलचेअर. त्यांच्यापैकी अर्ध्यांना १० आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, पायांनी वजन ढकलायला लावलं. नाममात्र वजन नव्हे, घाम निघेल असं. उरलेल्यांना दुसरं काहीतरी. शिवाय दोन्हींतल्या काहींना पौष्टिक सप्लिमेंट. व्यायामवाल्यांची ताकद ११३ टक्के वाढली, म्हणजे दुपटीहून जास्त झाली. चालण्याचा वेग सुमारे १२ टक्के वाढला. आणि नुसत्या सप्लिमेंटचा परिणाम? शून्य. सत्याऐंशीव्या वर्षी स्नायू ऐकतो, फक्त त्याला कामाचा निरोप लागतो. गोळीचा निरोप त्याला पोचत नाही.

आणि हे आपण कुठं बसून वाचतोय? ज्या गावात पेठेपेठेला तालीम आहे तिथं. पहाटेची मेहनत आणि संध्याकाळ सोडली तर बहुतेक हौदे दिवसभर रिकामे असतात. वस्ताद आहेत, ज्यांनी आयुष्यभर माणसांना बैठका शिकवल्या. सत्तरीच्या माणसाला खुर्चीवरून हात न टेकता उठायला शिकवणं, मग ते दहा वेळा करायला लावणं, मग हातात पाण्याच्या बाटल्या देऊन करायला लावणं, हे त्यांना जमणार नाही असं मला वाटत नाही. बीपी आणि हृदय डॉक्टरांनी आधी बघून द्यावं. बायकांसाठी वेगळी वेळ हवी, आणि तालमीत नको असेल तर शाळेच्या हॉलमध्ये चालेल. एका बाटलीच्या पैशात महिन्याभराची फी सहज निघेल.

आमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये मी हे मांडलं. निम्मे हसले. आत्या तेव्हा हसली नाही. तिनं वेळ काय, एवढंच विचारलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती हिंडायला मोकळी आहे. खजिनदारांनी विचारलं की कुणी पडलं-झडलं तर जबाबदारी कुणाची. प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडं त्या दिवशी उत्तर नव्हतं. पुढची मीटिंग गणपतीच्या वर्गणीआधी आहे. कुणी आपल्या गावात म्हाताऱ्या माणसांचा असा वर्ग चालवला असेल, तर विमा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि सुरुवातीला किती माणसं टिकतात, हे तिन्ही मला खाली कळवा.